शिष्यवृत्तीसाठी परदेशी मार्गदर्शक शोधताना: पत्र लिहिण्याआधीचा अभ्यास

मूळ लेखन

संशोधन-शिष्यवृत्तीच्या माहितीपत्रकात, जोडावयाच्या कागदपत्रांच्या यादीत, मध्येच कुठेतरी एक ओळ असते: यजमान संस्थेतील मार्गदर्शकाचे संमतीपत्र. गुणपत्रके, शिफारसपत्रे आणि भाषापरीक्षेचा निकाल यांची जुळवाजुळव मी महिन्याभरात उरकली होती; या एका ओळीसाठी मात्र मला चार महिने लागले. त्याआधीच्या वर्षी हेच काम मी मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना हाती घेतले होते. एका विभागाच्या पानावरील सर्व प्राध्यापकांना फक्त नाव बदलून एकच पत्र पाठवले होते आणि एकाचेही उत्तर आले नव्हते. दुसऱ्या वर्षी मी नऊच पत्रे लिहिली. पाचांची उत्तरे आली आणि त्यांपैकी दोघांनी संमती दिली. दोन्ही वर्षी माझी गुणपत्रिका तीच होती. फरक होता तो पत्र लिहिण्याआधी केलेल्या अभ्यासाचा. तो कसा केला ते येथे सविस्तर लिहीत आहे. इतर विषयांतील आणि देशांतील सदस्यांनी आपापल्या अनुभवाची भर घालावी, ही विनंती.

आपण ज्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणार आहोत तिला मार्गदर्शक लागतो का आणि कोणत्या टप्प्यावर लागतो, हे आधी नक्की करावे. ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला किंवा एरास्मस मुंडसच्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांना असे संमतीपत्र लागत नाही. तेथे प्राध्यापकांना पत्रे लिहिण्यात घालवलेला वेळ अर्जातील निवेदनावर खर्च केलेला बरा. स्विस सरकारच्या एक्सलन्स शिष्यवृत्तीला आणि जर्मनीच्या डीएएडी या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संशोधन-अनुदानाला मात्र तेथील प्राध्यापकाचे पत्र जोडावेच लागते. जर्मनीच्या, पीएचडीनंतरच्या हुम्बोल्ट फेलोशिपमध्ये यजमान शास्त्रज्ञाचे निवेदन हा अर्जाचाच भाग असतो. अमेरिकेत अनेक विभागांमध्ये प्रवेशाचा निर्णय समिती घेते, त्यामुळे एखाद्या प्राध्यापकाने उत्साह दाखवला तरी त्याचा अर्थ प्रवेश मिळाला असा होत नाही. पत्राने नेमके काय साधायचे आहे, हे यावरून ठरते.

माझा विषय भूजलातील फ्लोराइड हा आहे. पहिल्या वर्षी मी जागतिक क्रमवारीतील विद्यापीठांच्या यादीपासून सुरुवात केली आणि तीच माझी मोठी चूक होती, असे आता वाटते. दुसऱ्या वर्षी मी स्वतः नीट वाचलेल्या, समासात टिपणे केलेल्या बारा शोधनिबंधांपासून सुरुवात केली. त्यांच्या संदर्भसूचीत वारंवार येणारी नावे वहीत उतरवली. मग गूगल स्कॉलरवर त्या निबंधांचा पुढे कोणी संदर्भ दिला आहे ते पाहिले, म्हणजे मागचे आणि पुढचे असे दोन्ही धागे हाती आले. महिन्याभरात सुमारे चाळीस नावे जमली. त्यांतली निम्मी ज्या विद्यापीठांत होती, त्यांची नावे मी त्याआधी ऐकलेलीही नव्हती.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण तिच्यामुळे माझी यादी चाळीसवरून अकरावर आली. आज प्रसिद्ध झालेला शोधनिबंध हा बहुधा तीनचार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कामाचा शेवट असतो. त्या प्राध्यापकांची पुढची तीन वर्षे कशात जाणार आहेत हे निबंधांपेक्षा त्यांना मिळालेल्या अनुदानांवरून अधिक स्पष्ट कळते, आणि ही माहिती बहुतेक देशांत सर्वांसाठी खुली असते. जर्मनीत डीएफजी या संशोधन-निधी देणाऱ्या संस्थेने अर्थसाहाय्य केलेले प्रकल्प गेप्रिस या माहितीकोशात सापडतात, ब्रिटनचे गेटवे टू रिसर्चवर, जपानचे काकेनवर आणि युरोपीय संघाचे कॉर्डिसवर. अमेरिकेसाठी एनएसएफ या राष्ट्रीय विज्ञान संस्थेचा अनुदानशोध आणि आरोग्यविज्ञानांसाठी एनआयएच या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा रिपोर्टर हा माहितीकोश आहे. बहुतेक नोंदींत प्रकल्पाचा सारांश आणि कालावधी दिलेला असतो. ज्यांचे निबंध मी पाठ केल्यासारखे वाचले होते, अशा एका प्राध्यापिकेचा भूजलाचा प्रकल्प दोन वर्षांपूर्वीच संपला होता आणि नवे अनुदान नदीतील सूक्ष्म प्लास्टिकसाठी होते. त्यांना पत्र लिहिले असते तर मी त्यांच्या सोडून दिलेल्या विषयावर बोलत राहिले असते.

नाव पक्के होण्याआधी ती व्यक्ती नेमकी कोण, याची खातरजमा करावी. सारख्या नावाच्या दोन संशोधकांचे निबंध गूगल स्कॉलरवर एकाच व्यक्तीच्या नावावर जमा झालेले मी पाहिले आहेत. चिनी आणि कोरियन नावे रोमन लिपीत लिहिताना हे फारच घडते. ऑर्किड हा २०१२ साली सुरू झालेला सोळा अंकी ओळखक्रमांक यासाठीच आहे, आणि तो असेल तर संस्थाबदलही त्यावर दिसू शकतो. विभागाच्या पानावर नावापुढे एमेरिटस असेल तर त्या व्यक्ती निवृत्त आहेत आणि नवे विद्यार्थी घेण्याची शक्यता थोडी आहे, हे गृहीत धरावे.

प्रतिसाद: जर्मनीत पीएचडी करणारा एक सदस्य

अनुदानांचा मुद्दा अगदी पटला. जर्मनीपुरती थोडी भर घालतो.

येथे पीएचडीचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात विद्यार्थी थेट एका प्राध्यापकाशी जोडला जातो; त्या प्राध्यापकाला डॉक्टरफाटर किंवा डॉक्टरमुटर म्हणतात. दुसऱ्या मार्गात अनेक मार्गदर्शक मिळून चालवलेला रचनाबद्ध कार्यक्रम असतो, त्याची जाहिरात निघते आणि निवड स्पर्धेने होते. दुसऱ्या प्रकारात प्राध्यापकांना वेगळे पत्र लिहिण्याआधी जाहिरातीतील सूचना वाचाव्यात, कारण काही ठिकाणी सर्व अर्ज एकाच खिडकीतून घेतले जातात.

संशोधनसंस्थांच्या बाबतीत नवख्या अर्जदारांचा एक गोंधळ होतो. माक्स प्लांक संस्था स्वतः पीएचडी पदवी देत नाहीत. पदवी विद्यापीठच देते. त्यामुळे तेथील गटप्रमुखाने होकार दिला तरी ते कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्या विद्याशाखेच्या नियमावलीनुसार त्यांना मार्गदर्शनाचा अधिकार आहे का, हे नम्रपणे विचारून घ्यावे. मी हा प्रश्न दुसऱ्या पत्रात विचारला होता. उत्तर देताना त्यांनी सहमार्गदर्शक म्हणून विद्यापीठातील एका प्राध्यापिकेचे नाव स्वतःहून सुचवले आणि पुढे माझे संमतीपत्र दोघांच्या स्वाक्षरीने आले. संस्थांचा शोध घ्यायला गेरिट हा माहितीकोश उपयोगी पडतो.

नेदरलँड्स आणि स्वीडन यांच्याबाबत एक सूचना करतो. तेथे पीएचडी ही बहुतांशी पगारी नोकरी असते आणि तिची जाहिरात निघते. जाहिरात नसताना पाठवलेल्या पत्राला तेथून जाहिराती पाहत राहा असे उत्तर आले, तर तो नकार मनाला लावून घेऊ नये. तेथील पद्धतच तशी आहे. युराक्सेसच्या संकेतस्थळावर या जागा दिसतात.

प्रतिसाद: इतिहासाची अभ्यासक

वरील सर्व चर्चा विज्ञानशाखांना धरून आहे. इतिहास, भाषा आणि समाजशास्त्र या विषयांत काम करणाऱ्यांसाठी काही गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून लिहीत आहे.

आमच्याकडे ग्रंथ लिहायला आठदहा वर्षे लागतात आणि एका संशोधकाच्या नावावर पाच वर्षांत तीन लेख असणे हे कमीपणाचे लक्षण नाही. त्यामुळे होर्हे हिर्श यांनी २००५ साली मांडलेला एच-निर्देशांक, म्हणजे निबंधांची आणि त्यांना मिळालेल्या संदर्भांची संख्या एकत्र मोजणारा आकडा, पाहून आमच्या विषयातील माणसाची पारख करू नये. हिर्श हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या विषयात निबंधांची व संदर्भांची संख्या मुळातच निराळी असते. लेखकांच्या क्रमाचेही तसेच आहे. प्रायोगिक जीवशास्त्रात शेवटचे नाव सहसा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते, गणितात आणि अर्थशास्त्रात नावे बहुधा आडनावांच्या वर्णानुक्रमाने येतात, आणि आमच्याकडे बहुतेक लेखन एकट्याचेच असते. आपल्या विषयाची रीत माहीत नसेल तर चुकीच्या माणसाला कामाचे श्रेय देऊन पत्र लिहिले जाते आणि वाचणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येते.

मार्गदर्शक निवडताना मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो पीएचडी प्रबंधांच्या ऋणनिर्देशांचा. अनेक विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध स्वतःच्या भांडारात खुले ठेवतात. ज्या प्राध्यापकांचा विचार चालू आहे, त्यांच्या हाताखाली गेल्या दहा वर्षांत पूर्ण झालेले प्रबंध शोधावेत आणि प्रत्येकाची सुरुवातीची दोन पाने वाचावीत. मार्गदर्शकाचे आभार औपचारिक एका वाक्यात मानले आहेत, की प्रत्येक प्रकरणाचा कच्चा खर्डा आठवड्याभरात तपासून परत आल्याची कृतज्ञतेने नोंद केली आहे, हे पाहावे. एका प्राध्यापकांच्या चार विद्यार्थ्यांपैकी तिघांनी सर्वांत अधिक आभार सहमार्गदर्शिकेचे मानले होते. मी त्या सहमार्गदर्शिकेलाच पत्र लिहिले आणि आज त्यांच्याबरोबर काम करते आहे. प्रबंधांच्या विषयांवरून हेही कळते की मार्गदर्शक विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न घेऊन येऊ देतात, की सर्वांकडून आपल्याच प्रकल्पाचे तुकडे करून घेतात. विज्ञानात दुसरी पद्धत सर्रास चालते आणि त्यात वावगे काही नाही. आमच्या विषयात मात्र हा फरक फार मोठा ठरतो.

धागाकर्ती

ऋणनिर्देश वाचण्याची कल्पना मला सुचली नव्हती. ती सुचली असती तर एक नाव मी नक्कीच गाळले असते. मनःपूर्वक आभार.

प्रतिसाद: अर्जाच्या तयारीत असलेला एक सदस्य

माझे दोन प्रश्न आहेत. एका सल्लागार संस्थेने शुल्क घेऊन पाचशे प्राध्यापकांचे ईमेल पत्ते आणि पत्राचा तयार नमुना देऊ केला आहे. तो घ्यावा का? दुसरे असे की, मी संवाद साधणाऱ्या एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून वीस प्राध्यापकांची यादी करून घेतली आहे आणि प्रत्येकाच्या कामाचा सारांशही त्यात आहे. त्यावर विसंबून पत्रे लिहिली तर चालेल का?

प्रतिसाद: परदेशी विद्यापीठात शिकवणारी एक सदस्य

पत्र ज्यांच्या हाती पडते त्यांच्या बाजूने उत्तर देते.

पाचशे पत्त्यांची यादी कृपया घेऊ नका. विभागाच्या पानावर जे पत्ते सर्वांना दिसतात त्यांचेच पैसे आपण मोजणार आहात. शिवाय एकाच विभागातील आम्ही चौघे सहकारी एकाच टेबलावर जेवतो; एकच पत्र चौघांना आले असेल तर ते त्याच दिवशी उघड होते आणि मग चौघांपैकी कोणीही उत्तर देत नाही.

दुसऱ्या प्रश्नाबाबत अधिक काळजीने सांगते. अशा साधनांनी दिलेल्या याद्यांमध्ये अस्तित्वात नसलेले निबंध, खऱ्या माणसाच्या नावावर खोटी शीर्षके आणि कधीच सोडलेल्या संस्थांची नावे येतात. मी कधीही न लिहिलेल्या निबंधाची स्तुती करणारी पत्रे मला आली आहेत. लिहिणारे विद्यार्थी कदाचित चांगलेही असतील, पण पुढे वाचण्याचे कारण तेथेच संपते. यादी सुचवण्यापुरते साधन वापरले तर हरकत नाही. मात्र प्रत्येक निबंध त्याच्या डीओआय या कायमस्वरूपी ओळखक्रमांकावरून मूळ नियतकालिकात उघडून स्वतः वाचावा. तो मागे घेतला गेलेला नाही ना, हेही पाहावे. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा माहितीकोश २०२३ साली, डीओआय क्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने घेतला आणि तो सर्वांसाठी खुला आहे. एखादा निबंध मागे घेतला गेला म्हणजे माणूस अप्रामाणिक असे समजू नये, कारण प्रामाणिक चूक लक्षात आल्यावर स्वतःहून निबंध मागे घेणारेही असतात. कारण काय दिले आहे ते वाचावे.

आता मी कोणत्या पत्राला उत्तर देते, ते सांगते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने माझ्या एका निबंधातील तिसऱ्या आकृतीविषयी लिहिले होते. कोरड्या ऋतूतील मोजमापे तेथे गाळली आहेत, ती घेतली असती तर आकृतीतील रेषेचा उतार बदलला असता का, आणि तिच्याकडे तशी मोजमापे आहेत, एवढेच तिचे म्हणणे होते. पत्र दोनशे शब्दांपेक्षा कमी होते. शिष्यवृत्तीचे नाव, तिची मुदत आणि माझ्याकडून नेमके कोणते पत्र हवे आहे, हे शेवटच्या दोन ओळींत होते आणि सोबत एकच पीडीएफ जोडलेली होती. मी त्याच संध्याकाळी उत्तर दिले. माझ्या कीर्तीविषयी तिने एकही शब्द लिहिला नव्हता. शिष्यवृत्ती स्वतःचा निधी घेऊन येते, हे मात्र पहिल्या पत्रातच स्पष्ट असावे, कारण आमच्यापैकी अनेकांचा नकार केवळ पैसा नसल्यामुळे असतो आणि निधी बाहेरून येणार असेल तर उत्तर बदलू शकते.

संबोधनाविषयीही लिहिते. मला अनेकदा सर म्हणून संबोधले जाते. पहिल्या नावावरून स्त्री की पुरुष हे ठरवू नका; प्राध्यापक आणि आडनाव एवढे पुरेसे आहे. चिनी, जपानी, कोरियन आणि हंगेरियन नावांत आडनाव मूळ भाषेत आधी येते, तेव्हा आडनाव कोणते याची खात्री करून घ्यावी.

प्रतिसाद: जपानमध्ये शिकत असलेला एक सदस्य

जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीविषयी लिहितो, कारण तेथे क्रम चुकला की श्रम वाया जातात. दूतावासामार्फत अर्ज करणाऱ्यांना प्राथमिक निवडीत उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते आणि ते जोडून विद्यापीठाकडे तात्पुरत्या स्वीकृतीचे पत्र मागायचे असते. प्रमाणपत्र नसताना औपचारिक पत्र मागितले तर ते मिळत नाही. विद्यापीठाच्या शिफारशीचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. तेथे विद्यापीठच नाव सुचवते, म्हणून प्राध्यापकांशी संपर्क सर्वांत आधी करावा लागतो.

दूतावासाच्या मार्गातही माहिती काढण्याचे काम आधीच करून ठेवावे, कारण निकालानंतर हाती उरणारे आठवडे थोडे असतात. रिसर्चमॅप या संकेतस्थळावर जपानी संशोधकांची व्यक्तिगत पाने असतात आणि काकेनवर अनुदाने दिसतात. काही विद्यापीठांत अर्जदाराने प्राध्यापकांना थेट न लिहिता आंतरराष्ट्रीय विभागामार्फतच विनंती करावी, असा नियम असतो. तो संकेतस्थळावर लिहिलेला असतो आणि मोडला तर प्राध्यापकांची इच्छा असूनही त्यांना अडचण होते. निवृत्तीच्या वयाकडेही लक्ष द्यावे. माझ्या पहिल्या पसंतीच्या प्राध्यापकांनी, आपण दोन वर्षांत निवृत्त होणार असल्याने पीएचडीचा विद्यार्थी घेणे योग्य होणार नाही, असे अत्यंत आदराने कळवले आणि आपल्या माजी विद्यार्थ्याचे नाव दिले. तेच आज माझे सेन्सेई आहेत.

प्रतिसाद: अर्जाच्या तयारीत असलेला तोच सदस्य

सर्वांचे आभार. ती यादी घेणार नाही. माजी विद्यार्थ्यांना विचारावे असे अनेक जण सांगतात, पण अनोळखी माणसाला त्याच्या गुरूविषयी विचारणे मला अवघड वाटते. ते कसे करावे?

धागाकर्ती

मला हे फार अवघड गेले होते, त्यामुळे आपला संकोच समजू शकते. तुमचे मार्गदर्शक कसे आहेत, असा उघडा प्रश्न मी कोणालाही केला नाही. मार्गदर्शकांशी भेट साधारण किती दिवसांनी होते, पहिल्या वर्षी विषय कोण ठरवते, मोहिमेचा आणि परिषदेचा खर्च कोठून येतो आणि प्रबंध पूर्ण व्हायला तुमच्या गटात सहसा किती वर्षे लागतात, असे चार प्रश्न विचारले. त्यांना टीका न करता खरे उत्तर देता येते. सध्याच्या विद्यार्थ्यांपेक्षा दोनतीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना विचारावे, कारण त्यांच्यावर कसलेही दडपण नसते. पाचपैकी तिघांनी लिहिले, आणि एकीने लेखी उत्तर न देता बोलूया का असे विचारले. त्या वीस मिनिटांच्या बोलण्यानंतर मी एक नाव यादीतून काढले. कारण येथे लिहिणे योग्य नाही, पण सुरू झालेली पीएचडी मध्येच सोडून गेलेल्यांची नावे गटाच्या जुन्या पानांवर दिसतात आणि आजच्या पानावर दिसत नाहीत, हे मला तेव्हा प्रथम समजले. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर गटाचे पाच वर्षांपूर्वीचे पान पाहता येते. तेव्हाची नावे पुढे कोठे गेली, त्यांचे प्रबंध झाले का, हे एका दुपारी तपासून होते. एखाददुसरे नाव गळालेले असणे स्वाभाविक आहे. सहापैकी चार गळाली असतील तर मात्र थांबून विचार करावा.

प्रतिसाद: इतिहासाची अभ्यासक

उत्तर न आल्यास किती थांबावे, हेही लिहावे ही विनंती. मी स्वतः दोन आठवडे थांबून त्याच पत्राखाली चार ओळींचे एक स्मरणपत्र पाठवत असे आणि त्यानंतर पुन्हा लिहीत नसे.

धागाकर्ती

मीही तेच केले. फक्त युरोपातील उन्हाळी सुटीमुळे जुलैअखेर ते ऑगस्टअखेर पाठवलेल्या पत्रांना तीन आठवडे दिले. एका विभागात एका वेळी एकाच व्यक्तीला लिहिले आणि तिचा नकार किंवा स्मरणपत्रानंतरचे मौन स्पष्ट झाल्यावरच दुसऱ्या व्यक्तीकडे वळले. दुसऱ्या पत्रात पहिल्या व्यक्तीला लिहिले होते हे लपवले नाही. संशोधन-रजेवर असल्याचे स्वयंचलित उत्तर आले, तर परतीची तारीख वहीत लिहून ठेवली. पाच उत्तरांपैकी एक अशाच, रजेवरून परतलेल्या प्राध्यापकांचे होते.

दोन संमती हाती आल्यावर दुसऱ्याच दिवशी, ज्यांच्याकडे जाणार नव्हते त्यांना कारणासह कळवले. शिष्यवृत्तीच्या नियमांत संमतीपत्र संस्थेच्या शीर्षपत्रावर, तारखेसह आणि स्वाक्षरीसह हवे होते. ही अट, पत्रात यावयाचा प्रकल्पाचा कालावधी आणि प्रयोगशाळेच्या सुविधांचा उल्लेख, असे तीन मुद्दे मी मार्गदर्शकांना मुदतीच्या पाच आठवडे आधी पाठवले. त्यांच्याकडून आलेल्या पहिल्या संमतीपत्रात तारीख राहून गेली होती. दुरुस्त पत्र यायला अकरा दिवस लागले आणि ते वेळेत मिळाले.